सहाव्या गाठीनंतरच्या चांदण्या

डॉक्टरबाईंनी माझ्या गुडघ्याखाली रबराची हातोडी मारली. पाय हलला नाही. दुसऱ्या पायावर मारली, घोट्यावर मारली, कोपरावर मारली. मी पलंगावर पडून आपल्याच पायांकडं बघत होते आणि ते दुसऱ्या कुणाचे तरी असावेत तसे पडून होते. बाईंनी हातोडी खिशात ठेवली, हातातला रिपोर्ट परत एकदा वाचला आणि म्हणाल्या, "गिलेन-बारे सिंड्रोम. आम्ही याला जीबीएस म्हणतो."

हे लातूरला झालं. राहायला आम्ही नांदेडला, पण माझा भाऊ लातूरला असतो आणि या मेंदू-नसांच्या डॉक्टर त्याच्या माहितीतल्या, म्हणून मला तिथं हलवलं. वाटेत लोहा गावाला गाडीतच चहा घेतला तेव्हा माझ्या नवऱ्यानं माझ्या तोंडाला कप लावला होता. लग्नाला तेवीस वर्षं झाली, त्यांनी कधी मला पाण्याचा पेला उचलून दिला नव्हता. ते बघूनच मला कळायला पाहिजे होतं की गोष्ट साधी नाही.

जीबीएस म्हणजे काय, ते बाईंनी मला जसं सांगितलं तसंच सांगते. रोगाशी लढणारी आपल्या अंगातली जी ताकद असते, ती चुकून आपल्याच नसांवर उलटते. विजेच्या वायरीवर असतं तसं नसांवर एक आवरण असतं, ते ती खराब करून टाकते. मग मेंदूचा हुकूम हातापायांपर्यंत पोचत नाही. आजार वर चढला तर छातीचे स्नायूही थकतात आणि श्वास घेणं जड जातं. "बहुतेक पेशंट बरे होतात," बाई म्हणाल्या. तेव्हापासून 'बहुतेक' हा शब्द कुणी काढला की माझं डोकं फिरतं.

मग त्यांनी विचारलं, "हातापायांना त्रास नेमका कधीपासून?"

"दोन दिवस झाले बघा, मॅडम," आमचे हे म्हणाले.

"हाव, परवापातुर तं ही चुलीपुढं उभी व्हती," आत्याबाई म्हणाल्या. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई.

मी गप्प राहिले. मला खरं माहीत होतं आणि मी गप्प राहिले. हे लिहायला बसले आहे ते याच एका गोष्टीसाठी.

बाईंनी रिपोर्टवर बोट ठेवलं. त्या सकाळी माझ्या पाठीच्या मणक्यात सुई घालून पाणी काढलं होतं. त्याला लंबार पंक्चर म्हणतात. पोटाशी गुडघे घेऊन कुशीवर झोपायचं आणि हलायचं नाही. ऐकायला भयंकर वाटतं, पण सुई टोचल्यापेक्षा फार दुखत नाही. त्या पाण्यात प्रोटीन वाढलेलं होतं. "दोन दिवसांत सहसा एवढं वाढत नाही," बाई म्हणाल्या. "आणखी मागं गेलं पाहिजे. नक्की किती दिवस झाले ते मला हवं आहे. दोन आठवड्यांच्या आत असेल तर औषधाचा चांगला उपयोग होतो. दोन महिने झाले असतील तर हा वेगळाच आजार निघेल आणि उपचाराची दिशाही वेगळी. नीट आठवा. मी राउंड संपवून येते."

त्या गेल्या आणि मी छताकडं बघत पडले.

मी कोण, ते आधी सांगायला हवं. माझं नाव शोभा. माहेर उदगीर, सासर नांदेड, घर लिंगायतांचं, नवऱ्याचं वह्यापुस्तकांचं दुकान. मी क्रोशाचं काम करते. दिवाळीला तोरणं, लग्नसराईत रुमाल, आणि दिवाळी सरली की नाताळच्या चांदण्या. लातूरच्या एका मिशनच्या शाळेत दर नाताळला मोठं झाड सजवतात. तिथल्या एका बाईंनी चार वर्षांपूर्वी माझं तोरण कुठंतरी पाहिलं आणि झाडासाठी पांढऱ्या चांदण्या करून देता का, असं विचारलं. तेव्हापासून मी आणि शेजारची शाहीनभाभी मिळून ते काम करतो. भाभी घंटा आणि बर्फाची नक्षी करते, चांदण्या माझ्या. तिच्या सासऱ्यांचं शिवणकामाचं दुकान होतं, त्यामुळं दोऱ्याची पारख तिला माझ्यापेक्षा जास्त.

चांदणी करताना सगळा खेळ हाताच्या ओढीचा असतो. आधी साखळीचा बारका गोल, त्यात खांब, म्हणजे उभे टाके, मग पाच टोकं. दोरा डाव्या हाताच्या बोटांतून येतो आणि त्याची ओढ पहिल्या टाक्यापासून शेवटच्या टाक्यापर्यंत एकसारखी ठेवावी लागते. ओढ सुटली की चांदणी पसरट होते, टोकं लोंबायला लागतात. नंतर साबुदाण्याच्या खळीत बुडवून, थर्माकोलवर टाचण्यांनी ताणून वाळवली की ती कडक उभी राहते. खळ घालायच्या आधी मी सगळ्या चांदण्या एका दोरीत ओवून ठेवते आणि दिवस संपला की त्या दिवसाच्या शेवटच्या चांदणीपाशी लाल दोऱ्याची गाठ मारते. ही सवय आईची. लक्षवाती करायला घेतल्या की ती रोजच्या वाती अशाच लाल दोऱ्यानं वेगळ्या करायची, मोजणी चुकू नये म्हणून. देवाच्या वातींची मोजणी नाताळच्या झाडापर्यंत पोचली, हे शाळेतल्या बाईंना एकदा सांगितलं तर त्यांना फार हसू आलं होतं.

आता जे लपवलं ते.

त्या वर्षी चांदण्या सुरू करून सहा दिवस झाले होते. सातवा दिवस सोमवार. सकाळी अंघोळ करून, भस्म लावून पूजेला बसले. आमच्यात इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा करतात. तेच लिंग एरवी गळ्यात असतं, ते कधी अंगावेगळं करायचं नसतं. बोटांना सकाळपासून मुंग्या होत्या. थंडी आहे म्हणून मी लक्ष दिलं नाही. बेल वाहायला उजवा हात उचलला आणि डावा तळहात आपोआप कलंडला. लिंग निसटलं. जमिनीला लागलं नाही, मांडीवर पदराच्या घडीत पडलं. मी झटकन उचललं, डोळ्यांना लावलं, मागं वळून पाहिलं. आत्याबाई स्वयंपाकघरात होत्या.

आमच्याकडं हातातून लिंग पडणं म्हणजे काय, हे बाहेरच्या माणसाला सांगून कळायचं नाही. जीवावर बेतावं एवढा मोठा दोष. आत्याबाई दिवसातून तीन वेळा पूजा करणाऱ्या. त्यांना हे सांगायची माझी छाती झाली नाही. आणि हाताला मुंग्या येतात असं सांगितलं असतं तर पूजेचं विचारलं असतं, म्हणून मुंग्यांचंही सांगितलं नाही.

पुढचे नऊ दिवस मी सगळ्या जगाला दोष दिला, फक्त स्वतःच्या अंगाला सोडून. चांदण्या ढिल्या यायला लागल्या तर म्हटलं, सूत खराब आलं. नांदेडातल्याच वजिराबादच्या दुकानात जाऊन भांडले. दुकानदार बिचारा म्हणाला, "वहिनी, पेटी तीच हाय, आजपातुर तुमची तक्रार न्हाई." मी लडी त्याच्या गल्ल्यावर आपटून आले. मग एक नंबर बारीक सुई घेतली. तळपायाला मुंग्या आल्या तर म्हटलं, दिवसभर मांडी घालून बसते, येणारच. जिना चढताना कठडा धरायला लागले तर म्हटलं, पन्नाशी जवळ आली. सोळाव्या दिवशी सकाळी अंथरुणातून उठायला गेले आणि पाय उठलेच नाहीत. घरच्यांचे दोन दिवस तिथून सुरू होतात.

डॉक्टरबाई राउंडवर असतानाच शाहीनभाभी आली. तयार घंटा शाळेत द्यायच्या आणि माझ्या चांदण्यांचं विचारायचं म्हणून ती नांदेडहून एसटीनं आलेली, हातात ती मोठी कापडी पिशवी. मला बघून दारातच थांबली.

"शोभाक्का, हे काय करून घेतलं?" ती म्हणाली आणि डोळे पुसत स्टुलावर बसली. मग कामाचं बोलायला लागली. "अक्का, रागवू नका, तुमच्या थोड्या चांदण्या मी मागं ठेवणार हाय. शाळावाले परत करतील. ही बघा." तिनं पिशवीतून दोरी काढून माझ्या पायांवर पसरली. "हितपातुर हात शोभाक्काचा. हितून पुढं दुसऱ्याच कुण्या बाईचा हात हाय."

डॉक्टरबाई तिच्या मागंच उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "या लाल गाठी कशाच्या?"

"एक गाठ म्हंजी एक दिवस, मॅडम. अक्काची पद्धत हाय."

बाई वाकल्या. पहिल्या गाठीपासून चांदण्यांवरून बोट फिरवत गेल्या. सहाव्या गाठीपर्यंत एकसारख्या. सातव्या दिवसाची पहिलीच चांदणी ढिली. आठव्याला खांब वाकडे, दहाव्याला टोकं पडलेली, आणि पंधराव्या दिवशी तर चार टोकांचीच एक चांदणी, जी करताना मला टोकं पाचच वाटली होती. मी लाजेनं डोळे मिटले. आयुष्यात एवढं वाईट काम मी कुणाला दाखवलं नव्हतं.

"सातव्यापासून पंधराव्या गाठीपर्यंत नऊ दिवस. त्यावर तुम्ही सांगितलेले दोन. आज अकरावा दिवस," बाई म्हणाल्या. मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "ताई, सातव्या दिवशी काय झालं होतं?"

आत्याबाई पलंगाच्या पायथ्याशी उभ्या होत्या. मी सांगितलं. मुंग्यांचं सांगितलं, सुताचं सांगितलं, जिन्याचं सांगितलं आणि लिंगाचंही सांगितलं. आत्याबाईंनी माझ्याकडं एकदा पाहिलं आणि त्या खोलीबाहेर निघून गेल्या.

डॉक्टरबाईंना त्यातलं एवढंच हवं होतं की आपण दोन आठवड्यांच्या आत आहोत. तासाभरात आयव्हीआयजी सुरू झालं. हे दुसऱ्या माणसांच्या रक्तातून वेगळं काढलेलं औषध असतं, शिरेतून हळूहळू पाच दिवस देतात. उलटलेली ताकद त्यानं आवरते, पण लगेच नाही. हे मला कुणी ठासून सांगितलं असतं तर बरं झालं असतं. मला वाटलं होतं, औषध लागलं म्हणजे सुटलो. औषध सुरू होऊनही मी खालीच जात होते.

श्वासाची ताकद बघायला बाई एक साधी गोष्ट करायच्या. खोल श्वास घ्या आणि एका दमात आकडे मोजा. पहिल्या दिवशी मी चोवीसपर्यंत गेले. जन्मभर टाके मोजलेले, मला वाटलं यात काय अवघड. दुसऱ्या दिवशी सकाळी सोळा. संध्याकाळी अकरा. बाईंचा चेहरा मला वाचता यायला लागला होता. तिसऱ्या दिवशी मी सगळा जीव एकवटून सुरुवात केली आणि आठला दम संपला. नऊ हा आकडा माझ्या तोंडात होता, तो बाहेर आला नाही.

आयसीयूत नेऊन घशात नळी घातली आणि श्वासाच्या मशीनला, म्हणजे व्हेंटिलेटरला जोडलं.

त्या बारा दिवसांचं गोड करून सांगणार नाही. तुम्ही पूर्ण जागे असता. सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, आणि पापण्यांशिवाय काही हलत नाही. तळपायांची आग होते, चादरीचा स्पर्शही सहन होत नाही, आणि चादर बाजूला करा हे सांगता येत नाही. नाकावर माशी बसली तर ती उठेपर्यंत वाट बघायची. मी देवाला शिव्या घातल्या. मशीन बंद पडावं असं मला रोज वाटायचं आणि मशीनची शिट्टी वाजली की भीतीनं जीव जायचा. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. माझं माणूस म्हणून काही उरलंय का, हेच मला कळत नव्हतं.

नाताळ मी तिथंच काढला. सिस्टरांच्या टेबलावर कुणीतरी चमकत्या कागदाची चांदणी चिकटवली होती. तिचं एक टोक मोठं, एक बारीक. माझ्या पलंगावरून दुसरं काही दिसायचं नाही. दिवसभर मी ती चांदणी मनात उसवायची आणि नीट करायची. साखळी, खांब, साखळी, खांब. मशीन श्वास देईल तसा एक टाका. कधी कधी तिसऱ्या टोकाशी मोजणी विसरायची आणि रडायला यायचं, आणि रडलं की नळीत खाकरा अडकायचा. म्हणून रडायचंही नाही.

घरच्यांना दिवसातून पाच-दहा मिनिटं आत सोडायचे. हे यायचे, माझ्याऐवजी मॉनिटरकडं बघत उभे राहायचे आणि दुकानात कोण कोण आलं होतं ते सांगायचे. आत्याबाई सहा दिवस आल्या नाहीत. मी समजले. लिंग हातातून पडलेल्या सुनेचं तोंड त्यांना बघायचं नसेल. त्या सहा दिवसांत मी आजारापेक्षा जास्त त्यालाच भ्यायले.

सातव्या दिवशी त्या आल्या. अंगात दवाखान्याचा हिरवा गाऊन, कपाळावर भस्माचे पट्टे. माझ्या कानाशी वाकल्या.

"पडलं ते मांडीवर पडलं न्हवं?" त्यांनी विचारलं. मी पापणी मिटली.

"मांडीवर पडल्यालं लेकरू पडलं म्हणत्यात का? ते तुझ्याकडंच आलं व्हतं, येडे. हात गेलाय हे सांगाया आलं व्हतं. तू मला का न्हाई सांगितलं?" मग त्यांचा आवाज फुटला. "म्या येवढी वाईट हाय का गं?"

त्यांनी माझ्या गळ्यातलं लिंग सोडलं. माझा डावा हात उचलला, तो ओल्या कापडासारखा लोंबत होता. आपला तळहात त्याच्याखाली धरला आणि माझ्या तळहातावर लिंग ठेवलं. मला त्याचा भार कळत नव्हता. खालून आलेली त्यांच्या हाताची ऊब मात्र कळत होती, थोडीशी. सिस्टर वेळ संपली म्हणून सांगायला आल्या आणि बघून परत फिरल्या. त्या दिवसापासून आत्याबाई रोज आल्या. ते सहा दिवस त्या वेटिंग रूममध्येच बसून होत्या, आत यायची हिंमत होत नव्हती, हे मला नंतर भावानं सांगितलं.

बाराव्या दिवशी नळी निघाली. बाईंनी मोजायला सांगितलं. घोगऱ्या आवाजात मी तेरापर्यंत गेले आणि त्या पहिल्यांदा हसल्या.

पुढं जे झालं ते फार हळू झालं. महिनाभर वॉर्ड, मग नांदेडला घरी, रोज फिजिओथेरपी. आधी मान, मग खांदे, मग मांड्या. कुबडी सुटायला उन्हाळा लागला. बोटं सगळ्यात शेवटी. नस दिवसाला कणभर भरते, आणि बोटं सगळ्यात लांब आहेत, असं बाई म्हणाल्या. ब्लाऊजचा हुक लावता येत नाही म्हणून मी एकदा सगळी कपाटं उघडून कपडे अंगणात फेकले होते. आत्याबाईंनी ते सगळे गोळा केले.

शाहीनभाभीनं त्या वर्षीच्या चांदण्या स्वतः पुऱ्या करून शाळेत दिल्या. ढिल्या चांदण्यांची दोरी तिनं मला आणून दिली. मी म्हटलं, चुलीत घाल. तिनं ऐकलं नाही, खिडकीच्या खिळ्याला अडकवून गेली.

मृगाच्या सुमारास मी पुन्हा सुई धरली. एक चांदणी करायला चार दिवस लागले. ती घेऊन भाभी खिडकीपाशी गेली आणि दोरीवर शेवटापासून एकेका चांदणीशेजारी धरून बघत मागं मागं सरकली. "ही तेराव्या गाठीची झाली, अक्का," ती म्हणाली. मला आधी रागच आला. मग लक्षात आलं की आजार ज्या वाटेनं आला त्याच वाटेनं परत जातोय, आणि ती वाट माझ्याच हातानं आखलेली खिडकीत टांगली आहे. गौरी-गणपतीत अकराव्या गाठीला पोचले. दिवाळीत नवव्या. आता परत नाताळ जवळ आलाय आणि माझी चांदणी आठव्या गाठीच्या चांदणीशी जुळते. भाभी माझ्या चांदण्यांना जरा दाट खळ घालते, म्हणजे उभ्या राहतात. "तुमची ओढ आन् माझी खळ, शाळावाल्यांना काय कळतंय?" असं म्हणते. शाळेतल्या बाईंना कळलंच आहे, पण त्यांनी घेतल्या.

सहाव्या गाठीच्या अलीकडची ओढ परत येईल का, हे मी डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी 'बहुतेक' म्हटलं नाही. "येईल किंवा इथंच थांबेल, मला माहीत नाही," म्हणाल्या. त्याबद्दल मी त्यांची आभारी आहे.

हे वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या हाताला अशा मुंग्या आल्या, हातातून काही निसटायला लागलं, जिना अचानक उंच वाटायला लागला, तर सुताशी भांडू नका. ज्या दिवशी पहिल्यांदा झालं तो दिवस लक्षात ठेवा, आणि ज्या माणसाला सांगायची सगळ्यात जास्त भीती वाटते त्याला आधी सांगा. मी नऊ दिवस घालवले. माझ्याकडं दोरी होती म्हणून निभावलं.

आज सकाळी मी पूजेला बसले. डावा तळहात पुढं केला, लिंग ठेवलं, बेल वाहिला. हात थरथरतो, पण धरतो. गेल्या महिन्यापासून आत्याबाईंच्या आधाराशिवाय धरतो. तरी त्या रोज माझ्याशेजारी येऊन बसतात आणि माझ्या हाताच्या बोटभर खाली आपला तळहात धरून ठेवतात. लावत नाहीत. माझी पूजा संपेपर्यंत नुसता धरून बसतात.